सात-नऊचा डबा

साबुदाण्याच्या डब्यावर मी चिठ्ठी चिकटवली: ७९.
दुसरं काही लिहिलं असतं
तर पाहुण्यांनी विचारलं असतं.

हे छत्तीस वर्षं टपालाच्या सॉर्टिंगला.
रात्रपाळीत पत्रं खणाखणांत टाकायची;
सात-नऊने सुरू होणारे पिन सगळ्यात वरच्या खणात,
हात उंच करावा लागायचा.
म्हणूनच असेल, तेवढीच गावं ह्यांच्या लक्षात राहिली.
झिरो. तवांग. मोकोकचुंग.
झोपेत पुटपुटायचे. पहिल्यांदा मला वाटलं,
कुणा बाईचं नाव.

निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला.
घरी येऊन चपला काढता काढता म्हणाले,
एकदा बघून यायचं का गं,
पोचायची का तिथे पत्रं?

तेव्हापासून कन्नमवार नगरातल्या आमच्या दीड खोलीत
काटकसर राहायला आली, जायचं नाव घेईना.
दूध पाव लिटर कमी.
पेपर बंद. कारखानिसांकडचा दुपारी आणतात,
शब्दकोडं आधीच सुटलेलं असतं,
ह्यांना दुःख त्याचंच जास्त.
रविवारची सुरमई बांगड्यावर आली, बांगडा मांदेलीवर.
मथुरा कोळीण टोपली उतरवत म्हणाली,
"काय गो बाय, पुढल्या आयतवारी नुसता वास घेशील काय?"
केस ह्यांचे मीच कापते. मानेवर एक पायरी राहिली,
तिला हे घाट म्हणतात.

आमचा हिशेब रुपयांत नसतो.
रात्री डबा मोजून झाला की हे नकाशावर बोट सरकवतात.
पेपराने फार तर इगतपुरी.
दुधाने मनमाड ओलांडलं.
मांदेलीने मात्र थेट इटारसीला नेलं आम्हाला,
त्या दिवशी ह्यांनी मांदेलीला नमस्कार केला.

मग इस्त्री. महिन्याचे साडेतीनशे.
घोंगडी दुमडून मीच करू लागले,
ह्यांच्या कॉलरला एकाऐवजी दोन घड्या.

तिसऱ्या आठवड्यात रामधनी जिन्याशी उभा.
कोळशाच्या इस्त्रीने तपकिरी झालेली बोटं
एकमेकांत अडकवून.
"काही चुकलं का, भाभी?
त्या निळ्या साडीचा काठ जरा भाजला होता,
मी बोललो नव्हतो."
मला काठाचं ठाऊकही नव्हतं.
म्हटलं, नाही रे, आम्हाला लांब जायचंय,
पैसे जमवतोय.
तो मोकळा हसला. म्हणाला, मी पण!
छठला घरी. तीन वर्षं झाली,
धाकटीने मला फोनमध्येच पाहिलंय.
मग जरा थांबून,
"बाजूच्या बिल्डिंगनेही बंद केली इस्त्री.
सगळेच कुठे निघालेत, भाभी?"

रात्री नकाशा मी उघडला.
त्याचं गाव बरौनीच्या अलीकडे.
आमच्याच वाटेवर.
डब्यातल्या नोटा मी दोनदा मोजल्या,
कुठली दुधाची, कुठली मासळीची
आणि कुठली त्याच्या तिकिटाची,
ते काही नोटांवरून कळेना.

सकाळी गाठोडं बांधलं.
पाच शर्ट, दोन साड्या, वर एक चादर.
चादरीला इस्त्री कोण करतं!
हे बघत होते. काही विचारलं नाही,
नकाशावरचं बोट तेवढं मागे मागे आणलं
आणि भुसावळला थांबवलं.
"बरं," म्हणाले,
"भुसावळला केळी चांगली मिळतात."

दिवाळीनंतर जाऊ म्हणत होतो, आता होळीनंतर.
चहात साखर अर्धा चमचा केली आहे,
बघू, साखरेने किती स्टेशनं होतात.

निळी साडी काल खिडकीशी धरून पाहिली.
काठावर तांदळाएवढा डाग, तोही शोधावा लागला.
तीच नेसेन म्हणते.
झिरोला थंडी असते,
वरून ह्यांची निवृत्तीची शाल घेईन,
अजून घडीसुद्धा मोडलेली नाही तिची.