श्रीमती क

गुरुवार-शुक्रवार क्षेत्रकार्य.
देवगडहून साडेआठची एसटी.
कंडक्टर विचारतो, ‘आज परत सर्वे?’
सर्वे नाही, गृहभेट, असं म्हणायचं असतं.
मी म्हणते, हो, सर्वे.
आणि सुटे देते.

वहीत तीन रकाने आखलेले :
काय बोलणं झालं,
मला काय वाटलं,
तिसरा कोरा, मांद्रेकर मॅडमच्या हिरव्या पेनासाठी.

पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलेलं,
सेवार्थीचं नाव वहीत येता कामा नये.
म्हणून ती श्रीमती क.
वय एक्केचाळीस. व्यवसाय सुकी मासळी.
मुलगा आयटीआयला, मुलगी नववीत.
एवढं लिहिलं आणि हसूच आलं.
या वाडीत एवढ्यावरून
शेंबडं पोरसुद्धा घर दाखवील,
वर कुत्रा चावरा आहे हेही सांगेल.
शिवाय माझी मावशी तिच्या शेजारी दिलेली.
सेवार्थीशी पूर्वओळख असल्यास काय करावे : प्रकरण चार.
प्रकरण चार लिहिणाऱ्याला
बहुधा मावशी नव्हती.

मार्गशीर्षातला गुरुवार.
घरोघर घट मांडलेले, मासळीला गिऱ्हाईक नाही,
म्हणून तिला वेळ.
जुन्या जाळ्यावर गोलमा पसरलेला
आणि कावळ्यांसाठी हातात शिरटं.
‘ये गो. खुर्ची नाय, त्या क्रेटार बस.
आवशीचो गुडघो कसो आसा?’
आधी माझीच मुलाखत झाली.
गुडघा, भावाची नोकरी, यंदाचे आंबे,
मी अशी वाळले का.
वीस मिनिटं.
हे कुठल्या रकान्यात घालायचं, कळेना.

मग फॉर्म काढला.
वैवाहिक स्थिती, योग्य चौकोनात खूण करा :
विवाहित. अविवाहित. विधवा. घटस्फोटित.
पेन वरच राहिलं.
चार वर्षांपूर्वी होडी सापडली होती
विजयदुर्गाच्या अंगाला, उलटी.
डब्यातली भाकरी तशीच, भिजलेली.
तो नाही.

‘सरकाराक सात वर्सां लागतत,’ ती म्हणाली,
‘तलाठ्यान सांगलान माका. अजून तीन रवली.’
कावळा आला. शिरटं उठलं. कावळा गेला.
‘माका एका रातीत कळला.
पण तोंडान म्हटलंय नाय अजून.’

वर्गात शिकवलंय, शांतता भरून काढू नये.
शांततेलाही काम करू द्यावं.
मी काम करू दिलं.
खाडीवरून कुणाच्या तरी इंजिनाची फटफट येत होती,
ती ऐकत होती, मी तिला ऐकताना बघत होते,
आणि मला वाटतं तिने मला बघताना बघितलं.

‘काय गो, खंय घालतलंस माका?’
मी म्हटलं, चारच चौकोन आहेत.
‘मगे पाचवो काढ.
लिवक-वाचक शिकलंस ना कॉलेजात?’

काढला.
पट्टी नव्हती, वाकडाच आला.
त्याच्यापुढे काय लिहायचं ते दोघींनाही सुचलं नाही.
‘रवांदे तसोच,’ म्हणाली, आणि
शिरटं माझ्या हातात देऊन चहा टाकायला गेली.

तहसीलमधून फॉर्म परत आला.
अपूर्ण, असा शिक्का. निळा.
झेरॉक्स वहीला जोडली होती, तिच्यावर मॅडमचं हिरवं :
‘हा चौकोन मूळ नमुन्यात नाही.’
खाली जरा जागा सोडून,
बहुधा दुसऱ्या दिवशी, कारण अक्षर वेगळं :
‘राहू दे.’
आणि मधल्या रकान्याला गोल करून :
‘इथे तुझ्या भावना कुठे आहेत?’

मधल्या रकान्यात मी एवढंच लिहिलं होतं,
की चहा येईपर्यंत
तिचा गोलमा मी राखला.
एकही कावळा बसू दिला नाही.