इतिवृत्त

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सव्वाचारला,
दांडिया बाजारातल्या शाळेच्या मागच्या वर्गात
आम्ही अकरा जण बाकांवर बसतो. गुडघे मावत नाहीत.
फळ्यावर कुणाचा तरी लसावि अर्धा राहिलेला असतो.

नियम एकच. इथे कुणी ‘गेलं’ म्हणायचं नाही.
वारले, सुटले, देवाघरी, आटोपलं, काही नाही.
मेले म्हणायचं.

हसमुखभाईंना सूट आहे.
त्यांच्या भाषेत माणूस ऑफ होतो.
मोटी बेन ऑफ थई गयां, म्हणतात
आणि आम्ही सगळे नकळत पंख्याकडे बघतो.

मी इतिवृत्त लिहितो.
एकतीस वर्षं पालिकेत जन्म-मृत्यूच्या खिडकीशी होतो,
अक्षर बरं आहे.
जन्माचा दाखला न्यायला येणारे घाईत असत, पावती विसरत.
मृत्यूचा न्यायला येणारे
सुटे पैसे नेमके मोजून आणत.

मार्चमध्ये ताम्हाणे बाई बोलल्या.
एक्याऐंशीच्या. जन्मभर फिजिक्स शिकवलेलं.
वाणसामानाची काढावी तशी पर्समधून यादी काढली.

कवळी काढू नका. तिच्याशिवाय मी सासूबाईंसारखी दिसते.
नाकात कापूस जरा उशिरा घाला, उदबत्ती कुठली आणलीत ते कळू दे.
मुलगा टोरांटोहून पोचेपर्यंत मला ठेवायचं नाही,
मी काय श्रीखंड आहे?
मांजर हिंग्यांकडे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

हिंगे तिसऱ्या बाकावर होते.

हसून झाल्यावर कुणीतरी विचारलं,
मग भीती कशाची वाटते, बाई?
बराच वेळ त्या घड्याळाचा पट्टा फिरवत राहिल्या.
म्हणाल्या, रात्री उठावं लागतं.
पलंगापासून दिव्याच्या बटणापर्यंत चार पावलं आहेत.
ती चार पावलं.

त्यानंतर पंख्याचा जो आवाज आला
तो इतिवृत्तात कसा लिहितात मला माहीत नाही.

निघताना आम्ही ‘येतो’ म्हणालो, हसमुखभाई ‘आवजो’.
बडोद्यात दोन्ही भाषा सारख्याच लबाड,
निघालेल्याला कुणी जा म्हणत नाही.

मेच्या तेवीस तारखेला ताम्हाणे बाई मेल्या.
चोवीसला दुपारी त्यांच्या घरी निघालो
तेव्हा विश्वामित्रीच्या काठावर एक मगर ऊन खात पडली होती,
तोंड उघडं,
सगळे दात जागच्या जागी.

बाईंना मी ओळखलं नाही.
गाल आत गेलेले. कापूस घातलेला.
मुलगा दुबईत विमान बदलत होता,
तोवर खाली बर्फाच्या लाद्या.

वही माझ्या पिशवीत होती. पान सतरा.
उरलेल्या दहांतले सात जण तिथे होतो,
प्रत्येकाला यादी पाठ.
सून म्हणाली, काका, आपण?
मी म्हणालो, ओळखीचा.
मग काही तरी बोलायला हवं म्हणून म्हणालो,
फार चांगल्या होत्या हो. गेल्या.

नियम मोडल्याची नोंद इथे करून ठेवतो.

हिंगे तेवढे आमच्यात नव्हते.
ते मागच्या अंगणात, टाकीखाली ओणवे होऊन
पुस् पुस् करत होते.

रात्री जेवताना मुलाला म्हटलं,
माझी कवळी काढू देऊ नकोस.
कुठे?
मेल्यावर.
बाबा, जेवताना काय हे, म्हणाला.
कढीची पळी सुनेच्या हातात तशीच राहिली.

नात सातवीत आहे. बोटं चाटत होती.
वरची की खालची, तिने विचारलं.

दोन्ही, म्हटलं.
थांब, वही आणतो.