पाणी पिकायला घातलंय

परसात कडब्याची गंजी असायची, तिथे आता
बारा फूट लांब, कमरेइतका खोल खड्डा,
खड्ड्यात काळी ताडपत्री,
ताडपत्रीत बोरिंगचं पाणी.

पहिल्या खेपेला मी घाई केली.
एकतीस वर्षं अमळनेरच्या शाळेत प्रयोगशाळेच्या बाटल्या पुसल्या.
अमोनियाचं बूच उघडून पोरांना सांगायचो,
लांबून, हाताने वारा घालून वास घ्या.
तोच अमोनिया मासे सोडतात,
कल्ल्यांतून, गुपचूप, वाससुद्धा न येऊ देता.
माहीत असूनही साठ पिल्लं आणली
फुगवलेल्या पिशवीत, एस्टीने, मांडीवर धरून.
नवव्या दिवशी उजाडताना
चाळीस पांढरी पोटं.
हिच्याकडे पिठाची चाळणी मागितली,
तिने डब्याचं झाकण लावलं. माहेरी कांदासुद्धा बाहेरच्या चुलीवर.
मी हातानेच वेचली.

मथाबाई भोई गल्लीतून जाताना थांबली.
डोक्यावरच्या पाटीत एक मरळ अजून शेपूट आपटत होता.
तळ्यात हात घालून तिने पाणी चिमटीत चोळलं,
जसं कुणी रवा चोळून बघतं.
"पानी कच्चं शे, भाऊ. पिकाले टाइम लागस.
केळी नही ती, पुडी टाकी आनि पिवळी व्हयनी."
उरलेली वीस तिने स्वतःच्या हौदात नेली.

पुस्तकात हेच होतं, फक्त पिकणं हा शब्द नव्हता.
न दिसणारे दोन जीव: पहिला अमोनिया खातो
आणि त्याचं दुसरं विष करतो,
दुसरा त्या विषाचं खत करतो.
आणि दुसरा नेहमी उशिरा येतो,
आमच्या शाळेच्या खंडू शिपायासारखा.
निळं पिंप उभं कापलं, बोरीच्या पात्रातले गोटे
गढूळ निघेनासं होईतो धुतले,
पाणी वर चढवून गोट्यांतून खाली आणलं.
मासा एक नाही.
माशांचं काम मीच करायचो, रोज बाटलीतून मोजून थेंब,
रिकाम्या तळ्यासमोर उभा राहून.

परीक्षानळ्या खिडकीत. हिरवी, जांभळी, हिरवी, जांभळी.
अडतिसाव्या दिवशी हिरवी पिवळी झाली, जांभळी निळी,
आणि तिसरी, खताची,
लाल. इतकी लाल की मी हिला हाक मारली.
"कुंकवासारखं दिसतंय," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

वीस परत आली. गोट्यांत वांगी लावली, भरताची, हिरवी.
दर बारा मिनिटांनी पिंप भरतं
आणि नळी गडगडून सगळं पाणी तळ्यात ओतते.
दोन गडगडींत ही वरण शिजवते.

मग मे. दिवसा पंचेचाळीस,
रात्री पावणेदोनला लाईट गेली.
गडगड नाही, हीच जाग यायची खूण.
बॅटरी मारली तर वीसही तोंडं पाण्यावर,
उघडी, मिटती, उघडी.
मी तांब्याने उचलून उंचावरून ओतत राहिलो.
तांब्या केवढा, तळं केवढं.
मागून पावलं आली.
ही. हातात पिठाची चाळणी.
"यातून ओत. पाण्याचे बारीक थेंब होतील, वारा धरतील."
चाळणी तिने डोक्याच्याही वर धरली, दोन्ही हातांनी.
मी ओतत होतो, तिचे दंड थरथरत होते,
पदर भिजून अंगाला चिकटला होता.
चार वाजता लाईट आली. एकोणीस जगले.

चाळणी आता पंपाशेजारी खिळ्याला असते.
घरात नवी आणली.

काल मथाबाई पुन्हा थांबली.
मासे अर्ध्या किलोच्या वर गेलेत,
ताडपत्रीवर त्यांची सावली पडते.
"कव्हय काढशी, भाऊ?"
ओट्यावर ही वांगी भाजत होती,
तिचा हात तिथेच थांबला. मान वळली नाही.

मी म्हणालो,
पाणी अजून कच्चं आहे.

मथाबाईने हात घातला. चोळून पाहिलं.
माझ्याकडे पाहिलं.
"हा," म्हणाली, "थोडंसं शे कच्चं,"
आणि दोन वांगी पाटीत टाकून निघाली.