सध्या काय ऐकूलालास

कन्ना चौकात, रात्रीची पाळी सुटल्यावर,
चहाच्या गाड्यामागं आमची जागा.
बसायला दोन क्रेट, एक उलटी बादली,
आणि मल्लिनाथ हत्तुरेची बंद पडलेली मोटरसायकल,
जिच्या टाकीवर त्यानं हातानं कवटी रंगवली होती.
लोकांना वाटतं, नारळ आहे.

नमस्कार-चमत्कार नाही. पहिला प्रश्न ठरलेला:
"सध्या काय ऐकूलालास बे?"

मल्ली म्हणतो, फिनलंडचे चौघे आहेत,
बावीस मिनिटांचं एकच गाणं,
पहिली नऊ मिनिटं नुसती एक तार घुमते.
"आणि पुढं?"
"पुढं दुसरी."
मुदस्सर नदाफला ब्राझीलचं काहीतरी घावलंय,
इतकं सुसाट, की अब्बांनी विचारलं,
मोबाईल बिघडला क्या रे?
मी आठवडाभर जपानच्या तीन पोरी ऐकूलालो,
एक अक्षर कळत नाही,
पण दुपारी डोळा लागला की त्याच भाषेत स्वप्न पडतं
आणि स्वप्नात मला सगळं कळतं.

इअरफोनचा जोड एकच.
डावी गिटार ज्याच्या वाट्याला आली
त्याला उजवीचा पत्ता नाही.
अर्धी भांडणं त्यातलीच.

दीपाली डोंगरवार नागपूरची,
विमा कंपनीत बदली होऊन आलेली.
पहिल्याच रात्री म्हणाली, "बे आमचा आहे, बे."
मग काय, चहा थंड झाला.
"तुमचा बे अंगावर येतो," मुदस्सर म्हणाला,
"आमचा खांद्यावर हात टाकतो."
"आणि ते ऐकूलालो म्हणजे काय? जिभेला गाठ पडते का तुमच्या?"
"मग तुम्ही काय म्हणता?"
"ऐकून राहिलो."
मल्ली हळूच म्हणाला, "हे डूम मेटल आहे.
ऐकून… राहिलो…
वाक्य संपेस्तोवर गाणं संपतंय.
ऐकूलालो म्हणजे थ्रॅश. दणकन आत, दणकन बाहेर."
"आणि पुण्याचं ऐकतोय?"
"ते लिफ्टमध्ये लावतात."

घशातून डरकाळी फोडायला सर्वात चांगला शब्द कोणता,
यावर एक अख्खा शुक्रवार गेला.
मुदस्सरच्या दखनीतला 'नक्को' जिंकला.
समोरच्या पानवाल्यानं शटर खाली ओढलं
ते निषेध म्हणून, की वेळ झाली म्हणून,
अजून ठरलेलं नाही.

एक नियम तेवढा आहे, रेवती चिप्पानं घातलेला:
मागाच्या खडखडाटाशी तुलना केली, की पाच रुपये दंड.
कारण पूर्व भागातला प्रत्येक पोरगा
पहिल्यांदा डबल बेस ऐकला की हेच म्हणतो,
"आयला, आमच्या कारखान्यागत!"
बिस्किटाच्या डब्यात पैसे जमतात.
डबा भरला, की भजी.

परवा नाना आले, घराची किल्ली न्यायला.
(दीपाली बरेच दिवस त्यांना माझे आजोबा समजत होती.
तेलुगूत नाना म्हणजे बाप, ताई.)
छत्तीस वर्षं माग. डावा कान गेलेला,
उजव्याला सवलतीत ऐकू येतं.
रेवतीनं बादली पुढं केली, इअरफोन उजव्या कानात घातला,
महिनाभर आम्ही चघळत होतो तेच लावलं.
नाना ऐकत राहिले,
चेहरा कापडातला दोष शोधतानाचा.
दोन बोटं गुडघ्यावर. मग एकदम हात वर:
"थांबव. इथं तार तुटली."

मागं नेऊन ऐकलं.
खरंच. आठाच्या जागी सात ठोके,
एकदाच, सगळ्या गोंगाटात,
आणि पाच जणांपैकी एकालाही सापडला नव्हता.

कुणी बोललं नाही.
मग रेवतीनं डबा पुढं केला.
"काका, पाच रुपये."

कशाचे, ते मी समजावलं,
तेलुगूत, उजव्या कानात, जोरात.
अख्ख्या चौकाला नियम कळला.
नानांनी दहाची नोट टाकली.
रेवती सुट्टे शोधू लागली, तर म्हणाले,
"राहू दे.
अजून एक सांगायचंय."