डावं पान, उजवं पान

बेरिक, सकाळी साडेनऊ.
हेस्टरने तीस वर्षं इथे बस चालवली. आता कविता लिहिते, आणि नवी ओळ सुरू करण्याआधी घसा खाकरते, वळणाआधी इंडिकेटर द्यावा तशी. वही दोघींत एक. डावं पान माझं, गद्याचं. उजवं तिचं. आमच्याकडे याला चंपू म्हणतात, मी सांगितलं. "शॅम्पू?" नाही, पण फेस दोन्हींत होतो.

तिचं पान, माझ्या मराठीत:

      बस गेली. धूर राहिला.
      मी त्याला ओळखते,
      लग्नघरात कुणी
      नुसत्या चपला ओळखाव्यात तसं.

(चपला माझ्या. तिच्याकडे तिथे छत्र्या होत्या.)

बील, साडेअकरा.
गाव संपतं तिथून लिंडिस्फार्न बेटापर्यंत वाळू. ओहोटीत वाट, भरतीत समुद्र. वाट दाखवायला खांब रोवलेत, लांबच लांब. कुणी नुसते काने गिरवून ठेवावेत आणि अक्षरं वाहून जावीत तसे दिसतात. फाट्यावर वेळापत्रक: कधीपासून कधीपर्यंत सुरक्षित. शेजारी बुडालेल्या मोटारीचा फोटो. हेस्टर म्हणाली, या भागात शेवटपर्यंत वाचली जाणारी ही एकच रचना. मी बोट ठेवून वाचली, मोठ्याने. वेळ भरपूर होता.

      बूट गळ्यात.
      पाऊल टेकताच भोवतीची वाळू कोरडी पडते,
      उचलताच ओली.
      मागे पाहिलं,
      तर आपण आलोच नव्हतो.

वाळूवर, दोन वाजून गेलेले.
हेस्टर प्रत्येक शिंपल्यापाशी थांबत होती आणि मी तिच्यापाशी. पाणी समोरून आलंच नाही. ते आलं बाजूच्या ओघळींतून, घरचंच असल्यासारखं.

मंगळवारी मी बुधवारची ओळ वाचली होती.

वाटेत अडकलेल्यांसाठी खांबांवर एक लाकडी खोपटं आहे. गुडघाभर पाण्यातून त्याच्या शिडीपर्यंत पोचलो. हेस्टरने मला पुढे घातलं आणि खालून ढकललं. "चढ. भाडं नंतर."

खोपटं.
इथून पुढे डावं पान तिच्या अक्षरात आहे:

सँडविच, अर्धं. चहा, दोन झाकणं. फोन, अकरा टक्के. तटरक्षकांना कळवलं; बसून राहा म्हणाले. खाली उतरायचं साडेआठला. ओल्या पायमोज्यांचे जोड, दोन. प्रवासी, दोन. घाबरलेले, एक.

तीस वर्षं डेपोत भरलेला तक्ता असा असणार. त्यात एकही विशेषण नाही आणि त्या पानावर मी पहिल्यांदाच सुरक्षित होते. उजवं पान मात्र कोरं. पेन तिने माझ्या मुठीत कोंबलं, बोटं तरी हलतील म्हणून.

      खाली वाट होती मघा
      आता लाटा फक्त बघा
      चार खांबांवर जागा
            दोघींपुरती

ओवी दळताना सुचते म्हणतात. भिजल्यावरही सुचते.

"वाच," ती म्हणाली. वाचली. तिला मराठीचा म सुद्धा येत नाही. दूर वाळूच्या उंचवट्यावर सील हुंकारत होते, त्यांनाही येत नसावा.
"शेवटची ओळ एवढीशी का?"
"तिथे श्वास घ्यायचा."
तिने घेतला. मग मला म्हणाली, तूही घे.

      पाणी वर येतं.
      पाणी वर येतं.
      शिडीची पायरी मोजावी म्हणते
      तर ती आधीच मोजलेली, हिरव्या शेवाळाने.

(हे कुणाचं, आता दोघींनाही आठवत नाही. अक्षर माझं. शेवाळ तिचं.)

बील, रात्री पावणेदहा.
शेवटची बस कधीच गेलेली. हेस्टरला ते ठाऊक होतं, तरी सवयीने थांब्यावर उभी राहिली, एक हात किंचित पुढे. वहीच्या घडीत मीठ धरलंय, पानं एकमेकांना चिकटलीत. सोडवली तर फाटतील.

फाट्यावरच्या दिव्यात मी वेळापत्रक पुन्हा वाचलं. बुधवारची ओळ तिथेच होती.
उद्या ती बरोबर असेल.