चार आण्यांची बाजू

उदगीरच्या जत्रेत तंबूच्या टॉकीजला
पडद्यापुढं बारा आणे, पडद्यामागं चार.
आम्ही मागंच बसायचो.
मागून सगळं तेच दिसायचं, फक्त उलटं:
डावखुरे हिरो, परत फिरल्यासारखी रेल्वे,
आणि नावं अशी, की माझ्यासारखीलाही वाचता येऊ नयेत,
जी सातवीपर्यंत शिकलेली.

त्या साली लढाईहून परतलेल्या फौजींचा सिनेमा लागला.
बाबा म्हणाले, चला.
पिक्चरला चला असं ते आधी कधीच म्हणाले नव्हते.
डाव्या बाहीची रिकामी घडी पिनेनं टाचली,
वाटेत खाजामियाँना हाक मारली;
बर्फात दारूगोळ्याचा ट्रक चालवायचे ते.

पडद्यावर तीन जण गाडीतून उतरले.
एक मेजर, एक मेजरचा मित्र,
एक मेजरच्या मित्राचा भाऊ.
तिघंही एकाच आळीतले वाटत होते,
तिघांच्याही घरात बाजाची पेटी.
खाजामियाँ कानाशी कुजबुजले,
"हमारा आदमी पहली रील में च मर गया, वाव्हळे,
वो भी गाना गाते गाते.
जिंदा आता तो रखते किधर उसकू?"

बाबा बोलले नाहीत. ते शोधत होते.
चर खणणारे कुठं आहेत.
हाळीचा सटवा हटकर, जो अजून रात्री
मेंढरं सोडून स्वतःचेच पाय मोजतो.
आणि जालन्याची सिस्टर रूथ,
जिनं त्यांना हात धरून नेऊन दाखवलं होतं
त्यांचा हात कुठं पुरला ते.
पडद्यावरची नर्स नुसती रडत होती,
बँडेज खाली पडत होतं.

मग हिरोचा हात गेला.
पुढच्यांना उजवा.
आम्हाला डावा.

बाबा उभे राहिले.
"ओ, बसा की खाली!" कुणीतरी ओरडलं.
कापडातून गाळून आलेला उजेड
त्यांच्या बाहीच्या पिनेवर थांबला होता.
त्यांना ऐकू गेलं नाही.
गाव हिरोला आणायला आलं, ताशा वाजला,
एका बाईनं चहा दिला, तो त्यानं उजव्या हातानं घेतला,
अगदी बाबा घेतात तसा, अंगठा कडेवर.

बाबा आले तेव्हा स्टेशनवर कुणी नव्हतं.
फाट्यावरच्या हॉटेलात
वळचणीला खोचलेला कप तोच होता,
लढाईला जाताना ठेवलेला.
त्याचाही कान तुटलेला.

परतताना खाजामियाँनी विचारलं, कैसा लगा?
"कप बरोबर धरला त्यानं," बाबा म्हणाले.
बाकी वाटभर काही नाही.

दुसऱ्या दिवशी एकटेच गेले,
बारा आणे मोजून पुढं बसले
आणि अर्ध्यातूनच परत आले.
आईनं विचारलं, काऊन हो?
चप्पल काढता काढता म्हणाले,
"पुढून दुसराच माणूस दिसतो."

वरचे आठ आणे
तंबूवाल्यानं परत दिले नाहीत.