शेरा

आड ते शेतखाना : नऊ हात.
दोरी मी दोनदा धरली, कारण यशोदाबाई वडके
दारातून सांगत होत्या, अकरा आहेत, अकरा.
त्यांच्या सासऱ्यांनी मोजले होते म्हणे.
सासऱ्यांचा हात आखूड असावा.

तांबट आळीत त्या आठवड्यात ठोके विरळ झाले होते.
एरवी इथे नाव विचारायचं तर ओरडावं लागतं.
मी हळू बोललो, ते पलीकडच्या ओसरीवर ऐकू गेलं.

घर स्वच्छ. मी लिहिलंही तसंच : घर स्वच्छ.
चूल सारवलेली, उंबरा धुतलेला,
हंडा चिंचेनं असा घासलेला
की त्यात माझी पगडी वाकडी दिसली.
नळ आळीच्या तोंडापर्यंत आलाय, पण त्याला पट्टी पडते,
आणि आडाचं पाणी गोड.
धाकटा सोमवारी त्याच हंड्यातून प्यायला.
मंगळवारी डोळे आत गेले.
बुधवारी जरीमरीचा गाडा, लिंबं, दहीभात,
नागझरीपलीकडे ढकलला, मागे वळून न बघता.
गाडा गेला.
नागझरी इथंच राहिली.

मागल्या बोळात गेलो, नाकाला उपरणं लावून.
जमनी टोपली टेकून उभी होती,
भिंतीवर सावली पडू नये इतकी लांब.
"मला शनिवारीच कळलं होतं, रावसाहेब.
कोपऱ्यावरच्या घरात. पेजेसारखं, नुसतं पाणी.
रविवारी त्याच्या शेजारी. मग इथं."
करंगळीपासून घरं मोजत गेली ती,
अंगठ्याशी येऊन थांबली.

"सांगितलं नाहीस?"
"कुणाला? मागच्या दाराला?"

कचेरीत दिवा लावला. रकाने छापील :
मालक, माणसं, आड, अंतर, मयत.
खबर कोणी दिली, याला रकाना नाही.
शेऱ्याला दोन बोटं जागा.
लिहिलं : पटकी. आड बुजवावा. पाणी उकळून प्यावे.
खाली 'जमनी' लिहिलं आणि टाक अडला.
बापाचं नाव विचारायचं राहिलं होतं.
वाटलं, उद्या विचारू. उद्या
बुरुड आळीतली सतरा घरं होती.

घरी बायकोनं तांब्या पुढे केला, लखलखीत.
मी तो हातात धरून विचारलं,
"आपल्या मागल्या बोळात कोण येतं गं?"
ती म्हणाली, "कोण म्हणजे?"